काळोख किती ठेवायचा

नट गेला की त्याचा चेहरा दिवसभर टीव्हीवर फिरतो. गायक गेला की त्याची गाणी लागतात. कॅमेरामन गेला की काय दाखवणार? त्याने पाहिलेलं सगळं आपण आधीच पाहिलेलं असतं, आणि ते आपणच पाहिलं असं समजून बसलेलो असतो. २०११ च्या जानेवारीत एस. रामचंद्र गेले, तेव्हा माझ्या भोवतीच्या कोणालाही काही गेल्यासारखं वाटलं नाही. 'मालगुडी डेज'चं चित्रण ज्यांनी केलं ते, असं सांगितलं की मात्र समोरचा माणूस खुलायचा. स्वामी आठवायचा, शंकर नाग आठवायचे, लक्ष्मण यांची चित्रं आठवायची. आणि कॅमेरा? "असेल की कोणीतरी धरलेला," असं आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या. खरं तर कॅमेरामनला याहून मोठी दाद नसेल. पण ती दाद घ्यायला तो समोर कधी नसतो.

मला बातमी दादाने दिली. दुपारी ऑफिसात फोन करून म्हणाला, "बन्नूरवाले गेले." मला लगेच कळलं. कन्नड सिनेमात त्या काळी दोन रामचंद्र कॅमेरामन होते आणि दोघांनीही गिरीश कासारवल्लींसाठी काम केलं होतं. 'ताई साहेबा' आणि 'द्वीप' करणारे ते एच. एम. रामचंद्र हळ्केरे, आणि 'घटश्राद्ध' करणारे हे एस. रामचंद्र. नावात घोटाळा नको म्हणून दादाने एकाला हळ्केरेवाले आणि दुसऱ्याला बन्नूरवाले करून टाकलं होतं. बन्नूर कुठे आहे हे आम्हा दोघांनाही तेव्हा धड ठाऊक नव्हतं. म्हैसूरकडचं एक गाव, एवढंच.

दादा कॅमेरा अटेंडंट होता. कॅमेरा भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून कॅमेऱ्याबरोबर जो माणूस शूटिंगला जातो, तो. लेन्सच्या पेट्या मोजून घ्यायच्या, मोजून परत द्यायच्या, दर शॉटनंतर गेट तपासायचं, केसाएवढा कचरा असला तरी काढायचा, मॅगझिनमध्ये फिल्म भरायची. हे भरण्याचं काम काळ्या चेंजिंग बॅगेत हात घालून, नुसत्या बोटांनी करावं लागतं. त्याला ते करताना मी एकदाच पाहिलं. दोन्ही हात कोपरापर्यंत बॅगेत, नजर वर पंख्याकडे, आणि चेहऱ्यावर जप करणाऱ्या माणसाचा भाव. उजेडाच्या धंद्यातला हा माणूस अर्धं काम आंधळ्यासारखं करायचा. त्यामुळे असेल, काळोखाबद्दल त्याची मतं फार ठाम होती.

आमच्या घरी सिनेमा असो की मालिका, नावं संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही असा त्याचा नियम होता. आई वैतागायची. नावं वाचून काय मिळतं, असं विचारायची. तो म्हणायचा, "जेवण कोणी केलं ते आपण विचारतो ना?" आई म्हणायची, "तू कधी विचारलंस?" विषय तिथेच संपायचा. पण त्यामुळे मला शाळेच्या वयात नटांपेक्षा कॅमेरामनची नावं जास्त पाठ झाली. व्ही. के. मूर्ती, के. के. महाजन, सुब्रत मित्र. मैत्रिणींत या ज्ञानाचा काही उपयोग नव्हता.

'मालगुडी डेज' दूरदर्शनवर आली तेव्हा आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. म्हणजे मालिका रंगीत, आणि आम्ही पाहिली करडी. आगुंबेचं हिरवं मला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. दादा शेजारी बसून रंग सांगायचा. "ही कौलं ओली आहेत, तांबडी नाहीत, काळपट झालीत बघ. पाऊस नुकताच थांबलाय." पडद्यावर पाऊस नसायचा. पण कौलाच्या कडेला चकाकी असायची, आणि तेवढ्यावरून तो सांगायचा. पुढे रंगीत प्रत पाहिली तेव्हा मला थोडं फसवल्यासारखं वाटलं. दादाने सांगितलेले रंग जास्त चांगले होते.

आगुंबे शिमोगा जिल्ह्यात, घाटमाथ्यावर आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारं गाव. आर. के. नारायण यांनी १९३५ साली 'स्वामी अँड फ्रेंड्स'मध्ये मालगुडी हे जे गाव कागदावर वसवलं, ते प्रत्यक्षात कुठे सापडणार? दिग्दर्शक शंकर नाग यांना ते तिथे सापडलं. टी. एस. नरसिंहन यांची निर्मिती होती. गाडी थांबण्यासाठी शिमोग्याजवळचं अरसाळू स्टेशन घेतलं. रेल्वेने अलीकडे तिथे मालगुडी संग्रहालय केलं आहे. आता ज्याने कधी घाटमाथ्यावर पावसाळा काढला आहे त्याला कळेल की अशा गावात मालिका करणं म्हणजे काय. ऊन पाच मिनिटं असतं, मग ढग, मग पुन्हा ऊन. एका प्रसंगाचे आठ शॉट घ्यायचे तर आठही शॉटमध्ये दिवस तोच दिसला पाहिजे. मग कॅमेरामन उजेड मोजायचं मीटर हातात धरून आकाशाकडे बघत उभा राहतो आणि सगळं युनिट त्याच्याकडे बघत उभं राहतं. निर्मात्याचे पैसे जात असतात. अशा वेळी 'थांबू या' म्हणायला धाडस लागतं, आणि 'चला, घेऊन टाकू' म्हणायला त्याहून जास्त अनुभव.

तिथली जुनी घरं लाकडी खांबांची, खोल ओसरीची, मधोमध चौक असलेली. उजेड वरून चौकात पडतो आणि मग खांबांना वळसे घालत आत येतो. येता येता मऊ होतो. सुब्रत मित्रांनी १९५६ च्या 'अपराजितो'साठी काशीच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला, तेव्हा वर कापड ताणून दिव्यांचा उजेड त्यावरून परतवला आणि असाच आकाशाचा उजेड तयार केला. आगुंबेत तो आयता होता. पण आयता असला तरी तो फिल्मला पुरत नाही. भर घालावी लागते, आणि घातली आहे हे दिसू द्यायचं नसतं. शिवाय टीव्हीची वेगळीच अडचण होती. "टीव्हीच्या काचेला काळा रंग समजत नाही," असं दादा म्हणायचा. खोलीतली ट्यूब चालू, काचेवर तिचं प्रतिबिंब, आणि पडद्यावर रात्र. सिनेमागृहात जो काळोख गहिरा दिसतो तो घरच्या टीव्हीवर नुसता राखाडी गाळ होतो. म्हणून मालिका करणारे बहुतेक जण सगळीकडे सारखा उजेड फेकून मोकळे होत. ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी मालिका आठवून पाहा. घरात सावलीच नाही. भिंतीही उजळ, माणसंही उजळ, दुःखही उजळ. 'मालगुडी डेज'मध्ये सावली होती. आजीच्या खोलीत आजीच्या खोलीएवढा अंधार होता, आणि तरी आमच्या त्या दळभद्री संचावर तिचा चेहरा दिसत होता. मला वाटतं, आम्हाला ते घर आमचं वाटलं ते यामुळे. गोष्ट तमिळ माणसाने इंग्रजीत लिहिलेली, जागा कन्नड, संवाद हिंदी, आणि डोंबिवलीतल्या मराठी बाईला ते आपलं आजोळ वाटावं? माझं आजोळ तर मुंबईतल्या चाळीत होतं.

पुढे 'भारत एक खोज' आली तेव्हा दादाला मोठा आनंद झाला होता. तिचं चित्रण व्ही. के. मूर्तींचं. 'प्यासा' आणि 'कागज के फूल' करणारे मूर्ती मूळचे म्हैसूरचेच. आगेमागे दोन मालिका, आणि दोन्हींचे कॅमेरामन म्हैसूरकडचे. "त्या बाजूच्या पाण्यात काहीतरी आहे," दादा म्हणाला. पाण्यातलं ठाऊक नाही, पण बंगळुरूला श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये चित्रणाचा अभ्यासक्रम चाळीसच्या दशकातच सुरू झाला होता. मूर्ती तिथलेच. गोविंद निहलानीसुद्धा तिथूनच शिकून आले. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट निघाली ती १९६० साली. मूर्तींना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिलेच कॅमेरामन. रामचंद्र यांचं नाव असं देशभर वाजलं नाही. ते कन्नडमध्येच राहिले, आणि कन्नडमध्येही बरेचसे अशा सिनेमांत, जे चार आठवड्यांत थिएटरातून उतरतात आणि चाळीस वर्षं बोलले जातात.

त्यातला मोठा अर्थातच 'घटश्राद्ध'. १९७७. कासारवल्ली पुण्याहून फिल्म इन्स्टिट्यूटचं शिक्षण घेऊन परतलेले, हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. कथा यू. आर. अनंतमूर्तींची, संगीत बी. व्ही. कारंतांचं. वेदपाठशाळा चालवणाऱ्या ब्राह्मणाची बालविधवा मुलगी यमुना गरोदर राहते. पाठशाळेत नवा आलेला लहानगा नाणी तिच्या मायेत असतो, आणि सगळं त्याच्या नजरेसमोर घडत जातं. शेवटी बाप जिवंत मुलीचं श्राद्ध घालून तिला जातीबाहेर काढतो. त्या वर्षीचं सुवर्णकमळ या चित्रपटाला मिळालं. चित्रपट कृष्णधवल आहे, आणि मला तो दुसऱ्या कशात सुचतच नाही.

दादाने मला तो फिल्म सोसायटीत नेऊन दाखवला. लाकडी खुर्च्या, मागे प्रोजेक्टरची घरघर, आणि प्रिंट इतकी वापरलेली की पहिली पाच मिनिटं पडद्यावर पाऊसच पडत होता. मी कॉलेजात होते, यमुनेच्या वयाची. चित्रपट संपला तेव्हा मला बोलवेना. मुंडण केलेली यमुना झाडाखाली एकटी बसलेली, नाणी बापाबरोबर निघून चाललेला. दादाला मात्र बोलायचंच होतं. परतीच्या लोकलमध्ये, दारात उभं राहून त्याने रात्रीच्या प्रसंगांचा विषय काढला. मशालीचा उजेड, बाकी रान काळंभोर, आणि त्या काळ्यात काही दिसतंय की नाही याचा पत्ता नाही. त्याचं म्हणणं, रामचंद्र यांनी ते मुद्दाम एक स्टॉप कमी उजेडात ठेवलंय. मुलाच्या डोळ्यांना रात्री जेवढं दिसेल तेवढंच. मी म्हटलं, प्रिंट जुनी होती, बल्ब मंद होता, तू उगाच अर्थ काढतोस. यावर आम्ही डोंबिवलीपर्यंत भांडलो. नंतरही भांडत राहिलो. दिवाळीला, भाऊबीजेला, कोणी तिसरं नसलं की. त्याला कोणाचं काम फार आवडलं की तो त्यात काळोख किती आहे ते सांगायचा. "दिवा लावायला कोणीही लावतो," म्हणायचा. "कुठला लावायचा नाही, हे ज्याला कळतं त्याला पैसे द्यावेत."

शंकर नाग ३० सप्टेंबर १९९० ला दावणगेरेजवळ मोटार अपघातात गेले. वय जेमतेम पस्तीस. मराठी माणसाने त्यांना निराळ्या नात्याने आठवावं असं आहे. मुंबईत असताना ते मराठी नाटकांत रमले होते, आणि '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या पटकथेत त्यांचा हात होता. त्यांच्या जाण्याची बातमी दादाने मला सांगितली नव्हती. मीच त्याला सांगितली, कारण तो तेव्हा बाहेरगावी शूटिंगवर होता. पलीकडून खूप वेळ काही आलं नाही, आणि मग त्याने विचारलं, "आता बन्नूरवाले काय करतील?" दिग्दर्शक गेला की लोक नटांची काळजी करतात, कुटुंबाची करतात. कॅमेरामनची करणारा एवढा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला.

बन्नूरवाले काम करत राहिले. पुन्हा कासारवल्लींकडे आले. 'हसीना' २००४ ची, बानू मुश्ताक यांच्या कथेवरची. त्याच बानू मुश्ताक, ज्यांना २०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. मग भैरप्पांच्या कादंबरीवरची 'नायी नेरळू'. आणि २००८ ची 'गुलाबी टॉकीज'. ही शेवटची मला सर्वांत जवळची आहे. कुंदापूरकडच्या मच्छीमारांच्या वस्तीत राहणारी गुलाबी ही सुईण. सिनेमाचं वेड असलेली. एका बाळंतपणाच्या बदल्यात तिच्या झोपडीत रंगीत टीव्ही येतो, वर डिश लागते, आणि वस्तीतल्या बायका तिच्याकडे जमू लागतात. उमाश्रींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोष्ट कारगिलच्या सुमाराची आहे, आणि टीव्हीबरोबर त्या वस्तीत आणखी काय काय शिरतं ते चित्रपट दाखवतो. पण मी पाहताना दुसऱ्याच गोष्टीत अडकले होते. ज्या माणसाने वीस वर्षांपूर्वी टीव्हीसाठी आगुंबे टिपलं, तोच आता टीव्ही बघणाऱ्या बायकांचे चेहरे टिपत होता. चेहऱ्यांवर पडद्याचा निळसर उजेड. मला वाटून गेलं, आम्ही असेच दिसत असू, आई, दादा आणि मी. त्यांनी आम्हाला कधी पाहिलं नाही. तरी आम्ही कसे दिसतो हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

२०११ हे साल दादाने वाईट म्हणून लक्षात ठेवलं. जानेवारीत रामचंद्र गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बातमी आली की अ‍ॅरी, पॅनाव्हिजन आणि आतोन या तिन्ही कंपन्यांनी फिल्मचे नवे कॅमेरे बनवणं थांबवलं आहे. पुढच्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरी जाहीर केली. दादाच्या कंपनीत डिजिटल कॅमेरे आले होतेच. त्यांच्याबरोबर जायला पोरं आली, हुशार पोरं, लॅपटॉप घेऊन. मॅगझिन भरायचं राहिलंच नव्हतं. दादाला कोणी काढलं नाही. त्याला नुसतं बोलावणं बंद झालं. तो घरी बसून जुन्या मालिका पाहायचा, आता रंगीत टीव्हीवर, पण ब्राइटनेस इतका कमी करून की वहिनी म्हणायच्या, डोळे जातील. फुप्फुसं गेली, डोळे शेवटपर्यंत चांगले होते.

तो गेल्यावर वहिनींनी त्याची चेंजिंग बॅग धुऊन दोरीवर उन्हात वाळत घातली. त्या बॅगेत धुळीचा कण जाऊ नये म्हणून तो आम्हाला तिला हात लावू द्यायचा नाही. मी ते पाहिलं आणि मला हसूच आलं, आणि मग ते थांबवता येईना.

नंतर कधीतरी एका लग्नाला म्हैसूरला जाणं झालं, तेव्हा एक दुपार काढून मी बन्नूरला गेले. अंतर फार नाही. लाल बस, दोन्ही बाजूंना ऊस आणि भात, कालव्यांचं पाणी, मधूनच गुऱ्हाळाचा वास. कावेरीच्या काठचा मुलूख आहे, आणि पाणी असलेल्या मुलखाला येते ती ऐसपैस वृत्ती तिथेही आहे. बन्नूरची ख्याती दोन गोष्टींसाठी. एक, बुटक्या पायांची तिथली मेंढी, जिच्या मटणाचं नाव बंगळुरूपर्यंत घेतात. दुसरी, व्यासतीर्थ. विजयनगरचे राजे ज्यांना गुरू मानत आणि पुरंदरदासांनी ज्यांच्याकडून दीक्षा घेतली, त्या व्यासरायांचा जन्म इथला. संत आणि मेंढी यांच्यामध्ये एका कॅमेरामनला जागा मिळेल का, हे मी कोणाला विचारलं नाही. काय विचारणार होते? कुठल्या घरात उजेड कसा येत होता, हे? बसस्थानकाबाहेर चहा घेतला. टपरीच्या ताडपत्रीतून गाळून आलेला उजेड चहावाल्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता, अर्धा चेहरा काळा. दादा असता तर तिथेच थांबला असता.

तिथून सोमनाथपूर जवळ आहे. होयसळांचं केशव मंदिर, तेराव्या शतकातलं. २०२३ साली बेलूर आणि हळेबीडबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. मऊ, काळसर दगड, आणि दागिन्याच्या कडीपर्यंत कोरलेलं काम. पण मी थांबले ते मूर्तींच्या पायथ्याशी. होयसळ शिल्पी आपली नावं कोरत. भारतात इतरत्र बहुतेक कारागीर निनावी राहिले, इथे राहिले नाहीत. सोमनाथपूरच्या अनेक मूर्तींखाली मल्लितम्म हे नाव आहे. देवाच्या पायाखाली, नम्रपणे, पण न चुकता, पुन्हा पुन्हा. देवळातला पहारेकरी बोट दाखवून ते नाव दाखवत होता, आणि एक पर्यटक कुटुंब खाली वाकून बघत होतं. साडेसातशे वर्षांनी. बन्नूरपासून हाकेच्या अंतरावरचा हा मल्लितम्म मला त्या दिवशी फार भाग्यवान वाटला. आता 'मालगुडी डेज' मोबाइलवर लावली की नावं सुरू व्हायच्या आत कोपऱ्यात एक बटण येतं, ती गाळून पुढे जाण्याचं. माझी नात ते बटण न बघता दाबते.

'घटश्राद्ध'चं मात्र बरं झालं. फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि मार्टिन स्कॉर्सेसी यांची फिल्म फाउंडेशन यांनी मिळून त्याची दुरुस्ती केली, आणि २०२४ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो नव्याने दाखवला गेला. ओरखडे गेले, पाऊस थांबला, आवाज स्वच्छ झाला. या कामात एक टप्पा असतो ग्रेडिंगचा. फ्रेमगणिक ठरवायचं की हा काळा किती काळा, तो पांढरा किती पांढरा. यंत्राला हवं तेवढं उजळ करता येतं. निगेटिव्हवर जे जे दडलं आहे ते सगळं वर काढता येतं, आणि तिथेच धोका आहे. ज्या कोपऱ्यात काही दिसू नये असं एका माणसाने १९७७ साली ठरवलं, तो कोपरा आता दाखवायचा की नाही? अशा वेळी शेजारी कॅमेरामन बसलेला असावा लागतो. मूळ चित्रपटाचे दिग्दर्शक कासारवल्ली आहेत, त्यांची नजर पक्की आहे, आणि त्यांनी तो चित्रपट डोक्यात जन्मभर वागवला आहे. पण रात्रीच्या त्या प्रसंगांचं मीटर ज्याच्या हातात होतं तो तेरा वर्षांपूर्वीच गेला होता.

माझ्या भाचीने, म्हणजे दादाच्या मुलीने, मला सांगितलं आहे की नवी प्रत कुठे जवळपास लागली की ती मला घेऊन जाणार. ती स्वतः जाहिरातींचं एडिटिंग करते आणि बापासारखीच हट्टी आहे. मी तिला आमचं भांडण सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, सोपं आहे. नव्या प्रतीत ते रान दिसलं तर तू जिंकलीस, नाही दिसलं तर बाबा." मी म्हटलं, दिसलं तरी ते कोणीतरी आता उजळ केलेलं असू शकतं. नाही दिसलं तरी मला पटणार नाही. ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे तुला हे मिटवायचंच नाहीये."

तिकिटं तिनेच काढायची आहेत. मी तिला एवढंच सांगितलंय, मधल्या रांगेतली काढ, आणि नावं संपेपर्यंत उठायचं नाही.